चिऱ्याच्या भिंतीची दरज चिऱ्याहून मऊच हवी

पत्र

गुहागर तालुक्यातल्या समुद्राकाठच्या गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं:

आजोबांनी १९४०च्या सुमारास बांधलेलं आमचं चिरेबंदी घर आहे. समुद्र हाकेच्या अंतरावर. आई ७९ वर्षांची, बारा महिने तिथेच राहते. मी डोंबिवलीत, धाकटा भाऊ पुण्यात. गेली काही वर्षं बाहेरच्या भिंतींच्या दरजांमधला, म्हणजे दोन चिऱ्यांच्या सांध्यांतला, चुना गळून पडतोय, काही ठिकाणी तर बोट आत जातं. बारा वर्षांपूर्वी पश्चिमेच्या भिंतीच्या दरजा कडक सिमेंटने भरून घेतल्या होत्या. तिथे आता उलटंच झालंय. सिमेंटच्या रेघा जशाच्या तशा आहेत आणि मधले चिरे झिजून खोल गेलेत. गवंडी म्हणतो, "चिरेच खराब निघाले. सगळ्या दरजा उकरून सिमेंट भरा, वरून गिलावा करा, वॉटरप्रूफ रंग मारा, पन्नास वर्षं बघायला नको." भाऊ तयार आहे, कारण वैशाखात त्याच्या मुलाचं लग्न गावच्या घरी करायचंय. आई म्हणते, माझ्या सासऱ्यांनी बांधलेल्या भिंतीला कुणी हात लावायचा नाही. खर्च निम्मा माझा आहे आणि निर्णय दोघांनीही माझ्यावर टाकलाय. काय करू?

उत्तर

ताई,

सिमेंटच्या रेघा जशाच्या तशा आणि मधले चिरे खोल गेलेले, हे तुमच्या पत्रातलं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर भिंतीने आधीच देऊन ठेवलंय. फक्त गवंडीदादांनी त्याचा अर्थ उलटा लावला.

चिरे खराब निघाले असं मला वाटत नाही. ऐंशीएक वर्षांतली पहिली अडुसष्ट-सत्तर वर्षं जे चिरे टिकले, ते नेमके सिमेंट भरल्यानंतरच्या बारा वर्षांत खराब कसे होतील? आता कुणी म्हणेल, पश्चिमेची भिंत समुद्राकडे तोंड करून उभी आहे, झड तिलाच बसते, तिची पूर्वेच्या भिंतीशी तुलना नको. बरोबर आहे. म्हणून तुलना पश्चिमेच्या भिंतीतल्या भिंतीतच करा. सिमेंट भरताना एखादा कोपरा नक्की सुटलेला असेल, न्हाणीच्या मागे किंवा जिन्याच्या आडोशाला. तिथले चिरे बघा. तिथे चुना गळालेला असेल आणि चिऱ्याची कड मात्र शाबूत असेल, तर वेगळा पुरावा लागत नाही.

असं का होतं ते नीट समजून घ्या, म्हणजे भावाला सांगणं सोपं जाईल.

आपला चिरा जांभ्या दगडाचा, आणि जांभा पाणी पितो. बांधकामाच्या चिऱ्यासाठी जे भारतीय मानक आहे, क्रमांक ३६२०, त्यात पाणी शोषण्याची मर्यादा वजनाच्या १२ टक्के दिली आहे. म्हणजे तीसेक किलोचा चांगला, मानकात बसणारा चिरासुद्धा साडेतीन लिटर पाणी पोटात घेऊ शकतो. हे पाणी नुसतं पावसाचं नसतं, वाऱ्याबरोबर आलेलं समुद्राचं मीठही त्यात असतं. पावसाळा सरला की हे पाणी बाहेर पडायला वाट शोधतं. दरज चुन्याची असेल तर ती चिऱ्यापेक्षा मोकळी असते, पाणी तिथून सुकतं आणि मीठ तिथेच जमतं. मिठाचे स्फटिक वाढताना ढकलतात, त्याने दरज भुसभुशीत होऊन गळते. चिरा वाचतो. दरज घट्ट सिमेंटची असेल तर तिकडची वाट बंद. मग पाणी चिऱ्याच्या तोंडातून सुकतं, मीठ चिऱ्याच्या सालीखाली जमतं आणि साल सुटत जाते.

हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर असली की आपलं साधं मीठ विरघळलेलंच राहतं, त्याखाली उतरली की स्फटिक होतं. म्हणून भर श्रावणात भिंत गप्प असते. दिवाळीनंतर दुपारची हवा कोरडी व्हायला लागली की आई रोज सकाळी पडवीतून तांबडी भुकटी झाडून काढत असतील. त्यांना विचारून बघा.

ताकदीचा हिशेबही सांगते. त्याच मानकात जांभ्याच्या चिऱ्याची कमीत कमी दाबसहनशक्ती चौरस मिलिमीटरला साडेतीन न्यूटन धरली आहे. एकास तीन सिमेंट-वाळूचा माल, जो आपल्याकडे 'कडक' म्हणून दरजांत भरतात, तो दहाच्या आसपास जातो. दोन चिऱ्यांमध्ये चिऱ्याच्या जवळजवळ तिप्पट कडक पट्टी बसवायची आणि उन्हाने भिंत फुगली-आकसली की झीज कुणी सोसायची? जो मऊ आहे त्याने. पूर्वी मऊ होती ती दरज. तुमच्या घरात बारा वर्षांपूर्वी ती जागा चिऱ्यांना दिली गेली.

मुरूडसमोरचा पद्मदुर्ग तुम्ही पाहिला असेल. तिथल्या तटाच्या काही भागात लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने दगड खोल खाल्ले गेलेत आणि मधला चुना मधमाश्यांच्या पोळ्यासारखा उभा राहिलाय. लोक कौतुकाने सांगतात, बघा शिवकाळातला चुना कसा टिकला! कौतुक खरंच आहे. पण घर सांभाळणाऱ्याच्या नजरेने बघितलं की त्याच तटावर दुसरी गोष्टही दिसते. सांध्यातला माल दगडाहून चिवट ठरला की खर्ची पडतो तो दगड. किल्ल्याचा तट कित्येक हात जाड असतो, त्याला ते परवडतं. आपली भिंत दीड-दोन फुटांची.

हे मी नुसतं ऐकून सांगत नाही. आमच्या स्वतःच्या घरी मागच्या दारच्या भिंतीला हेच झालं होतं. मीच करून घेतलं होतं आणि तेव्हा फार समाधान वाटलं होतं. आठ-नऊ वर्षांनी एका ठिकाणी सिमेंटची रेघ हलताना दिसली. खाली थापीचं टोक घालून जरा उचकटलं, तर हातभर लांबीची पट्टी एकसंध माझ्या हातात आली. पुढून कोरी करकरीत, जशी काल भरली. पाठीमागे मात्र पांढरी लव, बारीक कापसासारखी. बोटाला लावून जिभेवर ठेवली, खारट. आणि ज्या चिऱ्याला ती चिकटली होती त्याची कड पट्टीबरोबरच निघून आली होती, बोटांत चुरडली की तिचं कुंकवासारखं पीठ होत होतं. तो चिरा मला परत जोडता आला नाही, बदलावा लागला.

म्हणून गवंडीदादांच्या सल्ल्यातला गिलाव्याचा आणि वॉटरप्रूफ रंगाचा भाग मला जास्त काळजीचा वाटतो. दरज बंद केली की निदान चिऱ्याचं तोंड उघडं राहतं. वरून सिमेंटचा गिलावा आणि त्यावर प्लॅस्टिकसारखा रंग चढवला की तेही बंद. अशी भिंत दोन पावसाळे छान दिसते. पुढे गिलाव्याला केसासारख्या भेगा जातात, त्यातून झडीचं पाणी आत शिरतं आणि सुकायला वाटच उरत नाही. मग लोणा, म्हणजे भिंतीवर फुटणारं मीठ, बाहेर न येता आतल्या खोलीत येतो, आईंच्या देवघराच्या भिंतीला. पाणी झटकून टाकणारी जी पारदर्शक रसायनं मिळतात, तीही आधीच मीठ मुरलेल्या भिंतीवर लावू नका. मीठ त्या थराच्या मागे साठतं आणि थरासकट साल काढतं.

आता आईंकडे वळते. त्यांचा जीव त्या भिंतीत आहे, हे मला समजतं. पण हात लावायचा नाही हेही त्या भिंतीला मानवणार नाही. बोट आत जातं म्हणजे झडीचं पाणीही आत जातं. चुन्याची दरज आज ना उद्या झिजणारच, तिचं कामच ते आहे. आजोबांनीही एकदा तरी डागडुजी केली असेल. आईंना हळूच विचारा, मामंजी दरजा कधी भरून घ्यायचे, चुना कुठून यायचा, तो मळायची घाणी कुठे होती, बैल कुणाचे असायचे? मला वाटतं त्यांना आठवेल. आणि आठवलं की हात लावणं म्हणजे सासऱ्यांचंच काम पुढे नेणं, हे तुम्हाला वेगळं सांगावं लागणार नाही.

भावाचंही मला पटतं, पण त्याचा प्रश्न वेगळा आहे. "पन्नास वर्षं बघायला नको" हे वाक्य त्याला पटलं, कारण बघायला तिथे कुणी नाही. आई थकल्या आहेत, तुम्ही दोघं लांब. त्याला भिंतीचा घोर नकोय. अशा वेळी पक्कं म्हणजे सिमेंट हे समीकरण डोक्यात बसतं. त्याला सांगा, समुद्राकाठी पन्नास वर्षं न बघता राहणारी भिंत मी तरी पाहिलेली नाही. वर्षातून एक दिवस बघितली तर पुढच्या पिढीला पुरेल अशी भिंत मात्र आपल्याकडे वाडीवाडीत आहे. दर दिवाळीत येता ना घरी? त्यातली एक सकाळ भिंतीला द्या. घराभोवती एक फेरी, मोबाईलवर प्रत्येक भिंतीचा फोटो, जिथे दरज अर्ध्या इंचाहून खोल गेली तिथे खडूची खूण. गवंड्याला दोन दिवसांचं काम.

दरज भरायला घेण्याआधी पाणी कुठून येतं ते मात्र शोधा, नाहीतर सगळा चुना वाया. माझा अनुभव असा की दरज गळते म्हणून बोलावलेल्या दहातल्या निदान पाच घरांत खरं दुखणं पन्हळीचं किंवा अंगणाचं असतं. तुमच्या घराला पागोळ्या थेट जोत्याशी पडतात का बघा. पूर्वी खळं, म्हणजे अंगण, सारवलेलं असायचं, पागोळीचं पाणी मातीत मुरायचं किंवा चरातून निघून जायचं. आता आपण घराला चिकटून लादी किंवा पेव्हर ब्लॉक बसवतो. त्यावर पागोळी आपटते आणि खालचे दोन-तीन थर चिरे चार महिने भिजत राहतात. तुमच्या भिंतीची झीज खाली गुडघ्यापर्यंत जास्त असेल तर आधी जोत्यालगतची हातभर पट्टी उकरून मोकळी करा, तिथे खडी आणि उताराचा चर द्या. झीज वर, वाशांच्या खाली असेल तर कौलं आणि पन्हळ. मधल्या उंचीवर आणि पश्चिमेलाच असेल तर झड. झडीला आपल्या लोकांनी उत्तर शोधलेलं होतं. आगोटीला, पाऊस सुरू व्हायच्या आधी, माडाची विणलेली झापं बांधायची आणि पाऊस गेला की सोडायची. झापं विणणारं कुणी मिळत नसेल तर शेडनेट बांधा, पण भिंतीपासून वीतभर लांब, वारा खेळता राहील असं. निळं प्लॅस्टिक भिंतीला चिकटवू नका.

आणखी दोन गोष्टी एका फेरीत बघून होतील. खिडकीचे गज चिऱ्यात बसवलेले असतील तर तिथली भेग गंजाची असू शकते, लोखंड गंजून फुगतं आणि चिरा फोडतं. तिथे नुसतं भरून उपयोग नाही. आणि दरजेत पिंपळ-वडाची रोपं असतील तर मुळासकट काढा, वरून खुडलेलं रोप पुढच्या पावसात दुप्पट जोराने येतं. भेग जर दरजादरजांतून जिन्यासारखी तिरकी वर चढत असेल, किंवा ओळंबा लावल्यावर भिंत बाहेर झुकलेली दिसली, तर गवंडी नको. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

मग भिंतीचा आतला माल कसला आहे ते तपासा. गळालेला एक खडा आतल्या बाजूने काढून वाटीभर पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी त्याचा चिखल झाला असेल तर भिंत मातीत बांधलेली आहे आणि चुना फक्त बाहेरच्या दरजेला होता. आपल्याकडची कितीतरी जुनी घरं अशीच आहेत आणि भक्कम आहेत. पण मग दरज खोल उकरायची नाही आणि भिंत धुवायला प्रेशर वॉशर तर मुळीच लावायचा नाही, आतली माती वाहून जाईल. खडा शाबूत राहिला, मोडल्यावर आत पांढऱ्या चुन्याच्या गुठळ्या किंवा शिंपल्यांचे तुकडे दिसले, तर आजोबांनी चांगला शिंपल्यांचा चुना वापरला होता. तसा चुना आता सहज मिळत नाही, पण चुनकळी, म्हणजे भट्टीत भाजलेल्या, अजून न विरवलेल्या चुन्याचे खडे, मिळते आणि ती चालते.

चुनकळी आत्ताच आणा, काम दिवाळीनंतरचं असलं तरी. पिशवीतला पुडीचा चुना घेतलात तर निदान ताजा बघून घ्या, दुकानात वर्षभर हवा खाल्लेला चुना निम्मा मेलेला असतो. चुनकळी विरवताना आधी पिंपात पाणी आणि मग त्यात थोडी थोडी कळी, कधीही उलटं नाही. पाणी उकळतं, उडतं. पातळ प्लॅस्टिकचं पिंप चालत नाही. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे, आणि आईंना, मुलांना, मांजराला त्या बाजूला फिरकू देऊ नका. डोळ्यात चुना गेला तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवायचं आणि थेट डॉक्टर. विरलेला चुना गाळून पाण्याखाली झाकून ठेवायचा. पंधरा दिवस कमीत कमी, दीड-दोन महिने मिळाले तर फारच उत्तम. लोण्यासारखा होतो.

वाळूबद्दल आग्रहाने सांगते. खाडीची रेती गोड्या पाण्यात तीनदा धुतल्याशिवाय घेऊ नका, आपणच मीठ भिंतीत भरतो. नदीची किंवा धुतलेली क्रश सँड बरी. पाणीही बघा. समुद्राकाठच्या काही विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, ते पाणी मालाला नको.

वाळूला चुना किती लागेल याची घरगुती रीत अशी आहे. एक डबा कोरड्या वाळूने शिगोशीग भरून सपाट करा. मग मापाने पाणी ओतत जा, पाणी वर येईपर्यंत. जितकं पाणी मावलं तितकी वाळूत पोकळी, आणि तितका चुना हवा. बहुतेक वाळूत हे एक तृतीयांश भरतं, म्हणून एकास तीन. पण नुसता चुना हवेतूनच घट्ट होतो आणि आपल्या दमट हवेत त्याला फार दिवस लागतात. म्हणून समुद्राकाठी सुरखी घालावी. मऊसर भाजलेल्या विटेची बारीक पूड, जळून काळी पडलेल्या विटेची नको. चुना एक, सुरखी एक, वाळू दोन, असं प्रमाण मी वापरते. सुरखीमुळे ओलाव्यातही माल धरतो. रंगही चिऱ्याजवळ जातो, हा आणखी एक फायदा.

इथे गवंडी एक गोष्ट नक्की म्हणेल, "ताई, मूठभर सिमेंट टाकतो, लवकर धरेल." नको म्हणा. मूठभर सिमेंटाने धड चुना होत नाही, धड सिमेंट होत नाही.

दरज उकरायला हलकी छिन्नी-हातोडी वापरा, ग्राइंडर अजिबात नको. ग्राइंडरची पाती चिऱ्याची कड खाते आणि ती भरून येत नाही. खोली दरजेच्या रुंदीच्या दुप्पट, म्हणजे अर्ध्या इंचाच्या दरजेला इंचभर. आतली भुकटी ब्रशने कोरडीच झाडायची. लोणाही कोरडाच झाडून कागदावर गोळा करून लांब टाकायचा, पाण्याने धुतलात तर तो विरघळून परत आत जातो. मग आदल्या संध्याकाळी आणि सकाळी दरज ओली करायची, नाहीतर कोरडा चिरा मालातलं पाणी ओढून घेतो आणि माल मरतो. माल घट्टसर, मुठीत दाबला तर गोळा राहील इतकाच ओला. दरजेत जाईल अशा पातळ पट्टीने दाबून, एका वेळी बोटाच्या पेरापेक्षा कमी जाडीचा थर. वरचा थर चिऱ्याच्या कडेच्या किंचित आत थांबवायचा. हल्ली चिऱ्यांना लाल रंग देऊन दरजेवर पांढरी उठावाची पट्टी काढतात. फोटोत ती छान दिसते, पण तिच्या माथ्यावर पाणी थांबतं. ती नको. माल जरा ओढला की ताठ ब्रशने ठोकून घ्यायचा आणि सात ते दहा दिवस ओलं गोणपाट. या दहा दिवसांत कंजुषी केली तर आधीची सगळी मेहनत फुकट.

पश्चिमेच्या भिंतीतलं सिमेंट सगळं काढू नका. हलक्या छिन्नीला जी पट्टी सुटते, पोकळ वाजते, ती काढा. जी चिऱ्याला घट्ट धरून बसली आहे ती ठेवा, ओढून काढताना ती चिऱ्याचाच बळी घेईल. काही वर्षांत तीही सुटेल, तेव्हा काढा. जे चिरे दोन-तीन इंच आत गेलेत ते बदलावे लागतील. चिरा खाणीतून काढल्या काढल्या मऊ असतो, हवेवर राहून कठीण होतो, म्हणून सड्यावरून काल काढलेला नको, काही महिने मोकळ्यावर राहिलेला शोधा. बाकीचे उथळ झिजलेले चिरे तसेच राहू द्या. वय दिसलं म्हणून भिंत कमजोर होत नाही.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी एक सांगते. तुमचं घर चिऱ्याचंच पण गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतलं, मुळातच सिमेंटमध्ये बांधलेलं असेल, तर तिथे शुद्ध चुन्याचा हट्ट धरायची गरज नाही. सिमेंट एक, चुना एक, वाळू सहा असा मऊ माल दरजेला वापरा. एकास तीन मात्र तिथेही नको. आणि सगळी भिंत झाकायचीच असेल, चिरे फारच खाल्ले गेले असतील, तर चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याची सफेदी करा. तोही झिजतो आणि परत करावा लागतो, पण तो झिजताना खालचा चिरा राहतो.

आता लग्न. एका हिवाळ्यात चारही भिंती होणार नाहीत, त्या मुद्दामच करू नयेत. पन्हळ, पागोळी आणि जोत्यालगतची लादी हे आत्ता, दिवाळीच्या आत. दिवाळीनंतर पुढची, पूर्वेची भिंत आणि पडवी, जिथे मांडव पडेल आणि फोटो निघतील. ते काम जानेवारी संपेपर्यंत उरकायचं, म्हणजे पावसाआधी चुन्याला निदान चार महिने मिळतात. मे महिन्यात घाईने भरलेला चुना उन्हाने करपतो आणि पहिल्याच पावसात वाहतो. म्हणून कुणी "लग्नाआधी पंधरा दिवसांत करून देतो" म्हणालं तर त्या भिंतीला हात लावू देऊ नका. लग्नाच्या आधी जोत्याला सफेदी आणि वर गेरूची रेघ एवढं केलंत तरी घर उजळेल. आणि चिरेबंदी भिंत झाकली नाही म्हणून भावाला वाईट वाटणार नाही याची मला खात्री आहे. पुण्याहून आलेले पाहुणे त्याच भिंतीसमोर उभे राहून फोटो काढतील.

पश्चिमेच्या भिंतीवर यंदा फक्त नमुना करा. तीन फूट बाय तीन फूट, सर्वांत जास्त झड बसते तिथे. त्याच गवंड्याच्या हातून, कारण गावातला माणूस आहे, पुढेही तोच येणार आहे. त्याला चुकीचं ठरवू नका. तो जे शिकला ते त्याने सांगितलं. शेजारच्या वाडीत जुना चुन्याचा गवंडी असेल तर दोन दिवस त्याला खुर्चीत बसवून फक्त सांगायला बोलवा, मजुरी द्या. दरही नमुना झाल्यावरच ठरवा, चौरस फुटावर आणि गोणपाटाचे दहा दिवस धरून.

नमुन्यावर तारीख लिहा, फोटो काढा, एक पाऊस जाऊ द्या. पुढच्या वर्षी गौरी-गणपती झाले की बोटाने दाबून बघा आणि शेजारची सिमेंटची दरजही बघा. दोन्हींचे फोटो मला पाठवा. पश्चिमेच्या भिंतीचं पुढे काय करायचं ते तेव्हा बोलू.